टेसिओ नेमका कधी फुटला?

प्रश्न थोडक्यात असा: 'द गॉडफादर' (१९७२) पुन्हा पुन्हा पाहूनही कॉर्लिओने या माफिया घराण्याचा जुना सरदार टेसिओ कधी फुटला आणि का फुटला, ते कळत नाही. शत्रू घराण्याचा प्रमुख बार्झिनी याच्याशी त्याची बोलणी कुठे दाखवलेलीच नाहीत. पॉली गॅटो, कार्लो, सिसिलीतला फॅब्रिझिओ, सगळ्यांचं तेच. मग हे पटकथेतले कच्चे दुवे समजायचे का?

नाही. मी पटकथा लिहिते आणि शिकवतेही, आणि छोट्या पात्रांचा विषय निघाला की याच चित्रपटाकडे वळते. तुम्हाला जे राहून गेल्यासारखं वाटतंय ते जाणूनबुजून वगळलेलं आहे, आणि मारिओ पुझो व फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या या पटकथेचं मोठं बळ त्या वगळण्यात आहे. पहिल्या भागात चार माणसं कॉर्लिओने घराण्याला दगा देतात. चौघांपैकी एकाचाही सौदा आपल्याला दिसत नाही. कोण कुणाला कुठे भेटलं, रक्कम किती ठरली, शब्द कुणी दिला, काहीच नाही.

पडद्यावर फितुरीची बोलणी एकदाच होतात, आणि ती फितुरी खोटी असते. घराण्याचा प्रमुख डॉन व्हिटोच आपल्या विश्वासू लुका ब्राझीला टाटाग्लिया या शत्रू घराण्याकडे पाठवतो. कॉर्लिओनेंकडे आता मन रमत नाही असं भासव आणि त्यांच्यासोबतचा अमली पदार्थांचा व्यापारी सोलोझ्झो याच्या मनात काय आहे ते काढून आण, हे त्याचं काम. लुका बारमध्ये जातो, ब्रुनो टाटाग्लिया आणि सोलोझ्झो त्याच्याशी गोड बोलतात, आणि बघता बघता त्याच्या हातात सुरा खुपसून मागून गळा आवळतात. म्हणजे बेइमानीचा करार कसा होतो हे आपण सविस्तर पाहतो ते इमानी माणसाच्या बाबतीत. खरे बेइमान मात्र आपल्यासमोर फक्त रोजचं काम करताना दिसतात. नाचतात, गाडी चालवतात, जेवणाच्या टेबलावर बसतात.

डॉनची गाडी चालवणाऱ्या पॉलीपासून सुरुवात करू. व्हिटोची मुलगी कॉनी हिच्या लग्नात तो तिच्या हातातल्या रेशमी बटव्याकडे बघत बसलेला असतो. आत वीस-तीस हजार डॉलर रोख असतील, दुसऱ्या कुणाचं लग्न असतं तर, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. प्रेक्षक हसतो आणि विसरतो. पुढे डॉनवर गोळ्या झाडल्या जातात त्या दिवशी पॉली आजारी म्हणून आलेलाच नसतो आणि गाडीपाशी व्हिटोचा मुलगा फ्रेडो एकटा असतो. या दोन गोष्टींपलीकडे चित्रपट पॉलीबद्दल फारसं काही सांगत नाही. आणखी लागतही नाही. पैशाकडे बघणारी नजर आपण आधी पाहिली आहे आणि नेमक्या दिवशीची गैरहजेरी नंतर पाहिली आहे. मधली जागा आपण आपोआप भरतो, आणि जे आपणच भरलं त्यावर आपला विश्वासही जास्त बसतो.

त्याच्या मरणाचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना आवाज बंद करून दाखवते. गाडी पॉली चालवतो, शेजारी घराण्याचा दुसरा सरदार क्लेमेंझा, मागे रॉक्को लॅम्पोन. निघतानाच क्लेमेंझा रॉक्कोला सरकून बसायला सांगतो, आरशात मागचं दिसत नाही म्हणून. बोलणं सगळं कामाचं: टोळीयुद्ध पेटलं तर माणसांना राहायला जागा बघायच्या, गाद्या लागतील. मग शहराबाहेर, उंच गवताच्या कडेला गाडी थांबते. दूरवर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा इवलासा दिसतो. क्लेमेंझा लघवीला उतरतो, आपल्याकडे पाठ करतो, आणि गोळ्यांचे आवाज येतात. परत येऊन तो रॉक्कोला सांगतो, पिस्तूल राहू दे, कॅनोली घे. निघताना बायकोने त्या इटालियन मिठाईची आठवण केलेली असते ना. पुढे व्हिटोच्या धाकट्या मुलाच्या, नव्या डॉन मायकेलच्या, विश्वासातल्या माणसांत जागा मिळवतो तो मागे बसलेला हाच रॉक्को. पॉलीची जागा कशी भरली गेली यावर एक वाक्य खर्च झालेलं नाही.

इथे क्लेमेंझाकडे नीट बघा. पॉली त्याच्याच हाताखालचा माणूस. लग्नात नाचून घामाघूम झालेला क्लेमेंझा त्याच्याकडेच वाइन मागतो. त्या दोघांत आपुलकी आहे, आणि ती असतानाही क्लेमेंझा पाठ फिरवून उभा राहतो. टेसिओचा शेवट कळायला हा प्रसंग लक्षात ठेवावा लागतो.

कार्लोचं प्रकरण वेगळं आहे, कारण तो घरचा जावई. त्याच्याबद्दल व्हिटोचं धोरण लग्नाच्या दिवशीच ठरतं: पोट भरेल असं काम द्या, पण घराण्याच्या धंद्याची गोष्ट त्याच्यासमोर काढायची नाही. मोठ्या घरात मुलगी द्यायची आणि जावयाला दिवाणखान्याच्या पुढे येऊ द्यायचं नाही, हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. कार्लो कॉनीवर हात उचलतो, तिचा मोठा भाऊ सनी त्याला भर रस्त्यात, पोराटोरांसमोर, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणासकट तुडवतो. त्यानंतर कार्लोकडे राहतात दोन गोष्टी: अपमान, आणि सनीचा राग कुठली कळ दाबली की पेटतो याची अचूक माहिती. बार्झिनीला दुसरी गोष्ट विकत हवी होती. एका बाईचा फोन येतो, कॉनी भांडी फोडते, कार्लो पट्टा काढतो, कॉनी माहेरी फोन करते, सनी एकटाच गाडी घेऊन सुटतो आणि टोल नाक्यावर त्याची चाळण होते. पहिल्यांदा पाहताना हे सगळं एका बिघडलेल्या संसाराचं भांडण वाटतं. हा सापळा होता हे आपल्याला कळतं ते अगदी शेवटी, मायकेल कार्लोसमोर बसून विचारतो तेव्हा. तुझ्याकडे कोण आलं होतं, टाटाग्लिया की बार्झिनी? आणि कार्लो नाव सांगतो.

त्या चौकशीतली एक गोष्ट मला आजही हादरवते. मायकेल कार्लोला आधी जवळ करतो. नेवाडाला गेल्यावर तू माझा उजवा हात, असं सांगतो. त्याच्या मुलाचा धर्मपिता होतो. व्हिटोने जे दार कायम बंद ठेवलं ते मायकेल उघडतो, आणि ते उघडणं हाच फास असतो. गाडीत मागच्या सीटवर, कार्लोचा गळा आवळायला, पुन्हा क्लेमेंझा आहेच.

फॅब्रिझिओबद्दल थोडक्यात. सिसिलीत मायकेलच्या रखवालीला असलेला हा तरुण. मायकेल हाक मारतो, तो न थांबता चालू लागतो, आणि मायकेलची तिथली बायको अपोलोनिया गाडी सुरू करताच स्फोट होतो. पाठमोरं जाणारं माणूस, बस. पहिल्या भागात त्याचा हिशेबही चुकता होत नाही.

आता टेसिओ. माझ्या मते या चित्रपटातलं सर्वांत काटेकोरपणे लिहिलेलं छोटं पात्र, आणि एब विगोडाने ते तितक्याच काटेकोरपणे केलं आहे. उंच, किंचित वाकलेला, चेहरा कायम ओघळलेला. लग्नात तो एका चिमुरडीला आपल्या बुटांवर उभं करून नाचवतो. क्लेमेंझा मोठ्याने बोलतो, खातो, हसतो. टेसिओ कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा कामाचं बोलतो.

त्याचं कामाचं बोलणं कुठे येतं ते बघा. सोलोझ्झो आणि पोलीस कॅप्टन मॅक्लस्की यांना कुठे मारायचं यावर घरात खल चालला आहे. ब्राँक्समधल्या रेस्टॉरंटचं नाव कळतं. ती जागा आपल्या कामाची आहे हे टेसिओ सांगतो. लहान, घरगुती ठिकाण, जो तो आपल्या ताटात बघतो. तिथलं संडास जुन्या पद्धतीचं आहे, वर टाकी आणि साखळी, तिच्या मागे पिस्तूल चिकटवता येईल, हेही त्याचंच डोकं. म्हणजे मायकेलच्या हातून पहिला खून घडतो त्याची आखणी टेसिओची. त्याआधी मायकेल हा बेत मांडतो तेव्हा खोलीत हसणाऱ्यांत टेसिओही आहे, आणि यात वैयक्तिक काही नाही, हा निव्वळ धंदा आहे, हे मायकेलचं वाक्य त्याने तिथेच ऐकलेलं आहे.

यानंतर बरीच वर्षं गेल्यावरची ती बैठक येते. तुमच्या 'कधी'चं उत्तर मी त्या बैठकीत शोधते. व्हिटो थकला आहे, सनी गेला आहे, गादीवर मायकेल आहे. टेसिओ आणि क्लेमेंझा, दोघे जुने सरदार, तक्रार घेऊन आले आहेत. बार्झिनीची माणसं माझा इलाखा कुरतडताहेत आणि आपण गप्प आहोत, थोड्या दिवसांत ब्रुकलिनमध्ये टोपी टांगायला जागा उरणार नाही, असं टेसिओ म्हणतो. मायकेलचं उत्तर: धीर धरा. मग दोघांना कधी काळी दिलेल्या शब्दाची आठवण निघते, की एक दिवस तुम्हाला स्वतःचं घराणं उभं करता येईल. त्यावरही मायकेल म्हणतो, नेवाडाला गेल्यावर. किती दिवस? सहा महिने. सहा महिन्यांत बांधायला काही शिल्लक राहणार नाही, हे सरदारांना दिसतं आहे. पडद्याआड काही बोलणी चालू आहेत, त्यातून सगळं सुटेल, याहून जास्त मी सांगू शकत नाही, असं मायकेल सांगतो. शेवटी व्हिटो विचारतो, माझ्यावर विश्वास आहे ना, तुमची निष्ठा आहे ना? होकार देतो तो क्लेमेंझा. नेहमीच, गॉडफादर, असं तो म्हणतो. तो होकार टेसिओच्या तोंडून येत नाही. पुन्हा पाहाल तेव्हा क्लेमेंझा बोलत असताना टेसिओवर नजर ठेवा.

या बैठकीत मायकेल काय करतोय हे आपल्याला नंतर उमगतं. तो दुबळा असल्याचं सोंग करतोय. बार्झिनी बेसावध राहावा म्हणून हे सोंग स्वतःच्या सरदारांसमोरही वठवावं लागतं. टॉम हेगनला सल्लागारपदावरून काढलं जातं तेही याच काळात. आता टेसिओच्या जागी बसून बघा. म्हातारा डॉन बागेत टोमॅटो लावतोय. नवा डॉन कॉलेजात शिकलेला, बरीच वर्षं देशाबाहेर काढलेला, घर-दार उचलून वाळवंटातल्या कॅसिनोंकडे निघालेला. आपला इलाखा रोज थोडा थोडा जातोय आणि आपल्याला विश्वासात घेतलं जात नाही. हातातल्या माहितीवर टेसिओने मांडलेला हिशेब बरोबर होता. त्याला खोटी माहिती दिली गेली होती, आणि ती मायकेलने दिली होती. शत्रूसाठी विणलेल्या जाळ्यात आपला माणूसही अडकणार हे मायकेलला ठाऊक असणारच, आणि ती किंमत त्याने मोजायची ठरवली. म्हणून मी टेसिओला सरळ गद्दार म्हणत नाही. बाकी तिघांना म्हणते.

व्हिटोची चाल याच्यावर बसते. बागेतल्या प्रसंगात तो मायकेलला सांगतो, बार्झिनीबरोबरच्या भेटीचा निरोप जो घेऊन येईल तोच फितूर. हा प्रसंग रॉबर्ट टाउनने लिहून दिला, त्याचं नाव श्रेयनामावलीत नाही, पण ऑस्कर स्वीकारताना कोपोलाने त्याचे आभार मानले. व्हिटो इथे वय झालेल्या बापासारखा बोलतो. मध्येच वाइन हल्ली जास्त पितो म्हणतो, नातवाची चौकशी करतो, मायकेलसाठी याहून वेगळं आयुष्य हवं होतं अशी हळहळ व्यक्त करतो. त्या पाल्हाळात ही सूचना दोनदा पेरलेली आहे. लेखक म्हणून मी याकडे फार आदराने बघते. प्रेक्षकाच्या हातात चावी दिली आहे आणि ती चावी आहे असं त्याला वाटूही दिलेलं नाही.

मग व्हिटोचा अंत्यविधी. लोक फुलं वाहताहेत. टेसिओ मायकेलजवळ येतो, मिनिटभर बोलायचंय म्हणतो, बार्झिनीला भेट हवी आहे, बंदोबस्त माझ्याकडे, जागा माझ्या इलाख्यातली. साधी तीन-चार वाक्यं. आपल्या पोटात खड्डा पडतो, कारण मायकेलला आणि आपल्याला ते एकाच क्षणी कळतं. बाजूला उभा असलेला टॉम म्हणतो, मला नेहमी वाटायचं क्लेमेंझा असेल, टेसिओ नाही. मायकेल म्हणतो, शहाणपणाची चाल आहे, टेसिओ नेहमीच जास्त हुशार होता. या वाक्यात राग नाही. उलट मायकेलला टेसिओचा हिशेब कळतो, कारण त्या जागी तो स्वतः असता तर त्याने तोच मांडला असता.

टॉमचा अंदाज क्लेमेंझावर का होता, आणि क्लेमेंझा का फुटला नाही? नुकसान दोघांचं सारखंच होत होतं, शब्दही दोघांना सारखाच दिलेला. चित्रपट उत्तर देत नाही, पण एक फरक समोर ठेवून जातो. मायकेलला पिस्तूल धरायला क्लेमेंझाने शिकवलं. वीस माणसांचा रस्सा कसा करायचा, टोमॅटोत सॉसेज कधी टाकायचे, तेही त्यानेच. टेसिओने मायकेलला दिली ती एक उत्तम योजना. माया आणि हिशेब, यातल्या कशाने माणूस बांधलेला आहे त्यावर तो ताणाखाली काय करेल हे ठरतं, असं मी यातून वाचते. दुसरं कुणी वेगळं वाचू शकेल आणि चित्रपटात त्यालाही जागा आहे.

शेवटच्या प्रसंगात टेसिओ ब्रुकलिनला निघाला आहे. बॉस वेगळ्या गाडीने येणार असा निरोप येतो, त्याने माझी सगळी व्यवस्था बिघडेल असं टेसिओ वैतागून म्हणतो. मग टॉमही म्हणतो, मलाही येता येणार नाही. भोवती माणसं उभी राहतात. टेसिओला कळतं. आरडाओरडा नाही, पळापळ नाही. मायकेलला सांग, हा फक्त धंदा होता, मायकेल मला नेहमी आवडायचा. टॉम म्हणतो, त्याला ते कळतं. मग एकच क्षीण प्रयत्न: जुन्या दिवसांची आठवण ठेवून सोडवशील का? नाही जमणार, सॅली, टॉम टेसिओला लाडक्या नावाने म्हणतो. मायकेलच्या पहिल्या खुनाआधी त्या खोलीत उच्चारलेलं वाक्य टेसिओ इथे परत करतो. त्याचं मरण पडद्यावर येत नाही. पॉलीचं येतं, कार्लोचे पाय काच फोडून बाहेर येतात तेही येतं. टेसिओला मात्र चित्रपटाने ती आब राखून दिली.

हे सगळं हवेतून आलेलं नाही, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या टोळ्यांच्या इतिहासात मोठे बॉस शत्रूच्या हुशारीने पडले त्यापेक्षा स्वतःच्या सरदारांच्या हिशेबाने जास्त पडले. १५ एप्रिल १९३१ रोजी जो मॅसेरिया कोनी आयलंडवरच्या रेस्टॉरंटमध्ये मारला गेला, तो त्याचाच साथीदार लकी लुचियानोने शत्रूशी संधान बांधल्यामुळे. ज्याच्याशी संधान बांधलं तो साल्वातोरे मारान्झानो त्याच वर्षी १० सप्टेंबरला गेला, लुचियानोच्याच बेताने. १९६३ मध्ये जो मॅग्लिओको या घराणेप्रमुखाने कार्लो गॅम्बिनो आणि टॉमी लुकेसी या दुसऱ्या घराण्यांच्या प्रमुखांना संपवायची कामगिरी आपल्या हाताखालच्या जो कोलंबोवर सोपवली. कोलंबोने बळ कुणाकडे आहे ते पाहिलं, बेत गॅम्बिनोला सांगून टाकला आणि बक्षीस म्हणून मॅग्लिओकोच्याच घराण्याचं प्रमुखपद मिळवलं. पुढे याच कोलंबोच्या इटालियन-अमेरिकन संघटनेने चित्रीकरणाला विरोध केला, आणि १९७१ मध्ये निर्माता अल रडीने 'माफिया' हा शब्द संहितेतून काढण्याचं कबूल करून तडजोड केली. टेसिओ कोलंबोवरून बेतला असं मला सुचवायचं नाही. पण टेसिओने केलेला हिशेब या जगात यशस्वीही होऊ शकत होता, हे मूळ कादंबरी लिहिताना पुझोच्या आसपासच्या जगात घडून गेलेलं होतं.

आता तुम्ही स्वतः लिहीत असाल तर. आपल्याकडे गुन्हेगारी मालिका लिहिताना निर्मात्यांची हमखास मागणी असते की गद्दार कुठे फुटला तो सीन हवा. अंधारी गोदाम, सुटकेस, हस्तांदोलन. मी शक्य तिथे तो काढून टाकायला लावते. त्याऐवजी तो माणूस कामावर असताना दाखवा. त्याची तक्रार सगळ्यांसमोर, रीतसर, योग्य शब्दांत मांडू द्या, आणि तिला सभ्यपणे नकार मिळू द्या. निष्ठा मात्र पूर्ण दाखवा. इथे एन्झो बेकरवाला बघा: हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर, खिशात हात घालून, पिस्तूल असल्याचा आव आणून मायकेलशेजारी उभा राहतो, आणि धोका टळल्यावर त्याला सिगारेटही पेटवता येत नाही इतके हात थरथरतात. त्याला डॉनचा एक उपकार फेडायचा होता, बस. हा प्रसंग चित्रपटाने घाई न करता दाखवला आहे. इमान पडद्यावर आणि बेइमानी पडद्याआड, हा तोल पहिल्या भागात कुठेही ढळत नाही.

१९७४च्या दुसऱ्या भागात कोपोलाने हा नियम स्वतःच सैल केला. तिथे फ्रेडोला रात्री आलेला फोन आपण ऐकतो, कारण तिथे फितूर कोण यापेक्षा भाऊ आहे याचं काय करायचं हा प्रश्न मोठा आहे. आणि टॉमच्या अंदाजाचीही तिथे गंमत झाली. दुसऱ्या भागात मायकेलविरुद्ध सरकारला जबानी देणारा जुना सरदार मुळात क्लेमेंझाच असणार होता. रिचर्ड कॅस्टेलानोशी बोलणी फिसकटली, म्हणून क्लेमेंझा मधल्या काळात वारल्याचं दाखवलं गेलं आणि ती भूमिका फ्रँक पेंटान्जेली या नव्या पात्राकडे गेली. मायकल गॅझोने ती केली आणि तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. कॅस्टेलानो परत आला असता तर अंत्यविधीच्या वेळी टॉमने बोलून दाखवलेली शंका दोन वर्षांनी खरी ठरली असती.